कडोद रोडवरची मॅटॅडोर

ती भाऊंची गाडी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. भाऊंची मॅटॅडोर १९९६ साली विकली आणि पुढं तिचं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. ही दुसरीच. पण तोच पिकअप, मागे उघडा हौदा, तसाच विटका निळा रंग आणि नंबर एम.एच. १८ ने सुरू होणारा. लग्न होऊन बारडोलीत आले त्याला आता तीस वर्षं झाली. इथं जिकडंतिकडं जी.जे. १९. त्यात एम.एच. १८ दिसलं की गर्दीत माहेरची कोणी बाई भेटल्यासारखं होतं. आमचं नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला १९९८ साली, मग नंबरही एम.एच. ३९ आला. म्हणजे एम.एच. १८ लिहिलेली नंदुरबारची गाडी ही माझ्या लग्नाआधीच्या दिवसांतली गाडी.

आमची कार गॅरेजात दिली होती, ती आणायला मुलासोबत गेले होते. कडोद रोडला उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारी गॅरेजं आहेत, त्यातल्याच एकाच्या मागच्या आवारात ती उभी होती. टायर जमिनीत रुतलेले, फाळका एका बिजागरीला लटकलेला, दारांचे खालचे पत्रे गंजून जाळी झालेली. हौद्यात गवत उगवलेलं. मी जवळ गेले आणि काय वाटलं कोण जाणे, ड्रायव्हरच्या दाराचं हँडल ओढून पाहिलं. दार उघडलं. आतून जुन्या रेक्झिनचा आणि डिझेलचा वास आला आणि माझे पाय तिथंच थांबले.

मुलगा मागून म्हणाला, "मम्मी, घ्यायची का? रिस्टोअर करू."

तो गमतीत म्हणाला होता. मी मात्र त्या रात्री झोपले नाही.

आपण लहान मालगाडीला सरसकट ‘टेम्पो’ म्हणतो. कोणत्याही कंपनीची असो, सामान हलवायचं म्हटलं की "टेम्पो बोलाव." हा शब्द मूळचा जर्मनीतला. हँबुर्गच्या विडाल अँड सोन या कंपनीच्या गाड्यांचं ते नाव. आपल्याकडं तो आणला अहमदनगरच्या नवलमल फिरोदियांनी. आपल्या समाजातला माणूस, पेशानं वकील, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेलेला. त्यांनी १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी सुरू केली, आधी तीनचाकी गाड्या काढल्या आणि १९६९ पासून मॅटॅडोर. तीच कंपनी आता फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते. आमच्या घरी हे सगळं भाऊंच्या तोंडून ऐकलेलं. फिरोदियांचं नाव ते असं घ्यायचे, जणू सख्ख्या मामाचं. "आपल्या माणसाची गाडी आहे," हे त्यांचं वाक्य गाडी घेताना पण होतं आणि गाडी घाटात बंद पडली तेव्हा पण होतं.

भाऊंचा मिरचीचा व्यापार. नंदुरबारची मिरची तुम्हाला माहीत असेल. हंगामात गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते, लांबून पाहिलं तर जमिनीनं शालू नेसल्यासारखं दिसतं आणि जवळ गेलं की ठसका लागतो. १९९० साली भाऊंनी मॅटॅडोर घेतली. मी तेव्हा अकरावीत. पोती भरून गाडी विसरवाडी, नवापूर, सोनगड, व्यारा करत सुरतेला जायची. सुट्टीत दोनदा मीपण गेले. केबिनमध्ये इंजिनचं झाकण तापायचं, त्यावर गोधडीची घडी टाकून मी बसायची. ड्रायव्हरकाका अहिराणीत गाडीशी बोलायचे. चढ आला की म्हणायचे, "चाल मनी माय, चाल." बारडोलीवरून जाताना साखर कारखान्याच्या मळीचा वास आला, तेव्हा मी नाकाला रुमाल लावला होता. याच गावात आपल्याला आयुष्य काढायचं आहे हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

आणि त्या गाडीची एक गोष्ट आमच्या घरी नेहमी सांगितली जायची. पैसे कमी पडत होते तेव्हा बाईनं, म्हणजे माझ्या आईनं, हातातल्या पाटल्या काढून दिल्या. ही गोष्ट मीसुद्धा किती ठिकाणी सांगितली असेल! आमच्या महिला मंडळात ‘गृहिणीचा त्याग’ या विषयावर बोलले होते, तिथं सांगितली. बायकांनी डोळे पुसले होते.

असो. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गॅरेजात गेले. या वेळी मुलगा गंमत करत नव्हता. त्यानं मोबाइलवर जुन्या गाड्या नव्या केलेले बरेच व्हिडिओ पाहून ठेवले होते. मिस्त्रीनं गाडीखाली सरपटत जाऊन टॉर्च मारली, बाहेर येऊन हात पुसले आणि म्हणाला, "बेन, चेसिस सारी छे. बाकी बधुं करवुं पडशे."

हे ‘बाकी बधुं’ कागदावर मांडलं तेव्हा असं निघालं. गाडीचे मागत होता सत्तर हजार. केबिनचा तळ, दारं, हौद्याचा पत्रा नवीन ठोकायचा, नव्वद हजार. इंजिन पूर्ण खोलायचं, लायनर, पिस्टन, रिंगा, हेड, डिझेल पंप, सत्तर-ऐंशी हजार. पाच टायर, ब्रेक, वायरिंग, काचा, सीटा आणि रंग मिळून आणखी एक लाख. सगळं मिळून सव्वातीन लाखांच्या आत भागणार नव्हतं. "आणि दिवाळीनंतर उसाचा सीझन सुरू झाला की मला वेळ नाही," असंही त्यानं सांगितलं. ते खरंच होतं. दिवाळी झाली की खानदेशातून, डांगातून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागते आणि एकाही मिस्त्रीला मान वर करायला फुरसत नसते.

मग कागदपत्रं. माझ्या मैत्रिणींपैकी कुणाच्या घरी असा जुन्या गाडीचा विचार चालला असेल तर हे नीट वाचा, कारण गंजलेला पत्रा बदलता येतो, कागद बदलत नाही. आर.सी. बुकावर ज्याचं नाव होतं तो माणूस वारलेला. त्यानंतर गाडी दोन हातांतून फिरली, पण नावावर कुणीच करून घेतली नाही. म्हणजे जो विकत होता तो मालकच नव्हता. रीतसर करायचं तर आधी मूळ मालकाच्या वारसांना गाठायचं, नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३० भरायचे, महाराष्ट्रातली गाडी गुजरातेत आणायची म्हणून फॉर्म २८ भरून धुळ्याच्या कार्यालयाची ना-हरकत आणायची, थकलेला कर भरायचा, मग इथं नवीन नंबर घ्यायचा. शिवाय मालवाहू गाडी, तिचं फिटनेस केव्हाच संपलेलं. फिटनेस नसेल तर कायद्याच्या नजरेत त्या गाडीची नोंदणीच धरली जात नाही. मुलगा म्हणाला, "व्हिंटेजमध्ये टाकू." त्याचाही नियम बघितला. २०२१ च्या नियमात व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांच्या वरची गाडी, तीही धंद्यासाठी न वापरलेली आणि मूळ रूपात असलेली. नव्या नोंदणीची फी वीस हजार. एवढं करून रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही, प्रदर्शनाला किंवा रॅलीला न्यायची. आमची गाडी तेहतीस वर्षांची आणि मालवाहू. म्हातारी झाली होती, पण मानाची म्हातारी व्हायला अजून अवकाश होता.

एवढं सगळं विरोधात असताना कोणी शहाण्या बाईनं विषय सोडून दिला असता. मी सोडला नाही. रोज जेवताना बोलायची. शेवटी हे म्हणाले, "घे नाहीतर नको घेऊ. पण माझ्या वरणात रोज मॅटॅडोर नको."

दुसरी अडचण व्रताची होती. काही वर्षांपूर्वी महासतीजींकडं मी परिग्रह-परिमाण घेतलं होतं. साड्या इतक्या, सोनं इतकं, घरात चारचाकी एक, दुचाकी दोन. चौदा नियमांत ‘वाहन’ आहेच, ते तर आपण रोज धारतो. आता दुसरी चारचाकी आली की मर्यादा मोडणार. मी पळवाट शोधली. चालती गाडी ती वाहन, न चालणारी गाडी म्हणजे नुसतं लोखंड! त्या वर्षी महासतीजींचा चातुर्मास इथंच होता. त्यांना विचारलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, "लोखंड घरात ठेवण्यासाठी घेतेस का? मग चालवायला का करतेस?" मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी घे किंवा नको घेऊ यातलं काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "वस्तूला मर्यादा घालणं सोपं आहे. आठवणीवरची मूर्च्छा सुटत नाही. परिग्रह वस्तूत नसतो, मूर्च्छेत असतो."

हे वाक्य आपण व्याख्यानात शंभर वेळा ऐकलेलं असतं. पण ते आपल्याला उद्देशून म्हटलं गेलं की वेगळं लागतं. तरी मी मनाशी म्हटलं, भाऊंची आठवण ही काय वाईट मूर्च्छा आहे का? बापाची आठवण ठेवणं हे तर पुण्य!

आणि पैसे माझे होते. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. घरच्या घरी खाखरे, पापड, मुखवास करून विकायला लागले त्याला अकरा वर्षं झाली. त्यातून साठलेली चार लाखांची ठेव. हे कधी त्याचा हिशेब विचारत नाहीत. माझे पैसे, माझे भाऊ, माझी गाडी.

त्याच सुमारास बाई आमच्याकडं आली. सुरतेला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि भावानं महिनाभर विश्रांतीला इथं आणून सोडलं. पर्युषण जवळ आलं होतं. मला वाटलं, हा योगच. बाईला डोळ्यांवर काळा चष्मा लावून मी कारमध्ये बसवलं आणि काही न सांगता कडोद रोडला नेलं. गाडीसमोर उभं केलं. म्हटलं, "बाई, ओळख!"

बाईनं चष्मा थोडा वर केला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "ही कुठून आणली?"

"आणली नाही, आणायचा विचार आहे. भाऊंच्या आठवणीसाठी. अगदी तशीच करून घेऊ, निळा रंग, पुढं ‘श्री महावीराय नमः’..."

"घरी चल. ऊन लागतंय," बाई म्हणाली.

घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. सूनबाईनं पाणी दिलं, ते प्यायली. मग तिनं आपले दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत म्हणाली, "पाटल्या माझ्या आईच्या होत्या. तू म्हणतेस ना मी काढून दिल्या? मी नाही दिल्या. हातात नव्हत्याच माझ्या. कपाटात होत्या. तुझ्या भाऊंनी किल्ली घेतली, पाटल्या मोडल्या, गाडी आणून दारात उभी केली आणि मला म्हणाले, ‘आरतीचं ताट आण, ओवाळ.’ मी ओवाळलं. पाच बायका जमल्या होत्या, काय करणार? रात्री कपाट उघडलं तेव्हा मला कळलं."

मी म्हटलं, "तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं?"

थोड्या वेळानं तीच पुढं म्हणाली, "माणूस वाईट नव्हता. विचारलं असतं तर दिल्या असत्या मी. तेवढंच राहिलं."

सहा वर्षांनी मंदीत गाडी विकली. पैसे देणेकऱ्यांकडं गेले. पाटल्या परत झाल्या नाहीत, बाईच्या हातात काचेच्याच राहिल्या. हे मला माहीत होतं. पण मी त्याला त्याग म्हणत आले. देणाऱ्यानं दिलं तर तो त्याग. न विचारता नेलं तर त्याला दुसरा शब्द आहे आणि तो आपल्या तिसऱ्या व्रतात आहे. अदत्त, न दिलेलं. भाऊंसारख्या, दोन्ही वेळ प्रतिक्रमण करणाऱ्या माणसाला हा शब्द लावताना माझी जीभ आजही अडखळते. त्यांना तो कधी सुचलाही नसेल. आपल्याच बायकोचं, आपल्याच कपाटातलं, त्यात विचारायचं काय?

त्या संध्याकाळी मी सूनबाईकडं गेले. ती स्वयंपाकघरात खाखरे शेकत होती. उजव्या हातात लाकडी दट्ट्या, डाव्या हातानं खाखरा फिरवत. चार वर्षं झाली, तिच्या येण्यानंतर आमची ऑर्डर दुप्पट झाली होती. पहाटे पाचला उठून कणीक तीच मळते. गेल्या उन्हाळ्यात तिनं खाखरा शेकायच्या मशीनचं काढलं होतं. राजकोटच्या एका कारागिराकडून दर पण मागवला होता. मनगट दुखतं म्हणाली होती. मी म्हटलं होतं, "बघू पुढं, ठेव पिकली की." आणि ठेव पिकली तेव्हा मी कडोद रोडला उभी होते.

मी विचारलं, "बेटा, ठेवीतले पैसे गाडीला लावायचे की मशीनला?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुम्ही गाडी घ्या ना मम्मी. मशीनचं काय, पुढच्या वर्षी बघू."

तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. अगदी गोड, मोकळा आवाज. हाच आवाज मी लहानपणापासून ओळखते. बाईनं आरतीचं ताट हातात घेतलं तेव्हा असाच असणार. तिला विचारून मी माझं कर्तव्य केलं असं म्हणता आलं असतं. पण तिनं उत्तर देण्याआधीच ते ठरलेलं होतं. महिनाभर मी रोज जेवताना मॅटॅडोर बोलत होते, आता ती बिचारी दुसरं काय बोलणार? असं विचारणं म्हणजे सही झाल्यावर कागद वाचायला देणं.

आणि त्या ठेवीला मी ‘माझे पैसे’ म्हणत होते. अकरा वर्षांतली सात माझी. पुढची चार कुणाची?

गाडी घेतली नाही. मुलाला वाईट वाटलं, पंधरा दिवस तो नीट बोलला नाही. त्याचं खरं होतं. त्याच्या डोक्यात बापाची-आजोबांची भांडणं नव्हती, त्याला फक्त एक मोडकी वस्तू आपल्या हातानं उभी करून बघायची होती. ही हौस वाईट नाही. त्याला म्हटलं, स्वतःच्या पगारातून जुनी स्कूटर घे, बायकोला विचारून घे, दुचाकीत एक जागा शिल्लक आहे. अजून शोधतोय.

मशीन आलं. पहिल्या आठवड्यात खाखरे करपले, दुसऱ्या आठवड्यात जमले. राहिलेल्या पैशांची ठेव पुन्हा ठेवली. या वेळी दोघींच्या नावावर. बँकेत सही करताना सूनबाईनं दोनदा विचारलं, "माझीपण सही?"

बाईला मी म्हटलं, पाटल्या करू या का? तिनं हात पुढं केला. मनगट इतकं बारीक झालंय की काचेची बांगडीसुद्धा कोपरापर्यंत सरकते. म्हणाली, "आता कशात अडकवू? राहू दे. तू ती गोष्ट सांगते ना मंडळात, ती नीट सांग म्हणजे झालं."

म्हणून ही लिहिते आहे.

संवत्सरीला आपण सगळ्यांना हात जोडतो. फोनवर एकच संदेश दोनशे जणांना जातो, मिच्छामि दुक्कडम्. त्या वर्षी मी प्रतिक्रमणानंतर सूनबाईसमोर बसले आणि कशाबद्दल ते नाव घेऊन सांगितलं. मशीनबद्दल, ‘बघू पुढं’ म्हटलं त्याबद्दल, मनगटाबद्दल. ती घाबरून उठायलाच लागली, "मम्मी, असं काय करता!" मी तिला हात धरून बसवलं. घाऊक क्षमा मागायला काही लागत नाही. एकेक वस्तू मोजून मागायला बसलं की घाम फुटतो. करून बघा.

दिवाळीनंतर कडोद रोडला गेले तेव्हा ती गाडी नव्हती. भंगारवाला तुकडे करून घेऊन गेला म्हणे. जिथं उभी होती तिथं चार टायरांचे खळगे आणि तेलाचा काळा डाग राहिला होता. मी थोडा वेळ थांबले. वाईट वाटलं. नाही वाटलं असं खोटं कशाला सांगू? रस्त्यानं उसाची ट्रॉली चालली होती, वर टोळीतल्या बायका बसलेल्या, एकीच्या मांडीवर लेकरू. आपापसात बोलत होत्या, आमच्याकडच्या बोलीत. मी हात केला. त्यांनीही केला.